मलमलचे गाऊन, फुले मार्केट जळगाव – नक्की घ्या

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मला टॅमॉक्सिफेन चालू आहे, ती गोळी इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं काम अडवते म्हणून अंगातून एकदम वाफा निघतात, त्यात आपल्याकडचा मे महिना, रात्री दोनदा गाऊन पिळायची वेळ यायची. मलमलचे दोन आणले, पुढून बटणं आहेत, अंधारात झटकन बदलता येतात, घाम टिपतात आणि पहाटेपर्यंत वाळतात पण. सॅटिन-नायलॉन अजिबात नको. मरून रंगाचा मात्र घेऊ नका, पहिल्याच धुण्यात रंग गेला, माझी पांढरी चादर गुलाबी झाली. रात्रीची झणझणीत शेवभाजी सोडल्यावर मला अजून बरं वाटलं. आणि ताई, घामाला कंटाळून गोळी मनाने बंद करू नका गं, डॉक्टरांना सांगा, त्यावर पण औषधं असतात.