बोबाल, मेंथिया, मोनास्त्रेय: एकाच द्राक्षाच्या स्पॅनिश रेड वाइन, काही महिने पिऊन झाल्यावर

व्हॅलेन्सियात राहायला आल्यापासून आमच्या घरात रेड वाइन म्हणजे रिओहा या भागातली क्रियांथा (लाकडात मुरवलेली), एवढंच चालू होतं. ती वाईट नसते हो, पण आपल्या जेवणाबरोबर काहीतरी खटकायचंच, रस्सा एकीकडे आणि वाइन दुसरीकडे. मग तेम्प्रानियो, म्हणजे रिओहाचं मुख्य द्राक्ष, मुद्दाम बाजूला ठेवलं (ते काय, कुठेही मिळतं) आणि गेले काही महिने फक्त बाकीच्या देशी जातींच्या, एकाच द्राक्षाच्या बाटल्या आणल्या. आता थोडंफार बोलता येईल असं वाटतंय.

घेताना एक बघा. पुढे द्राक्षाचं नाव असलं म्हणजे आत फक्त तेच असेल असं नाही, युरोपात ८५ टक्के असलं तरी नाव लावता येतं. त्यामुळे मागचं लेबल वाचायचं, पूर्ण एकाच जातीची असेल तर १०० टक्के असं बहुतेक जण ठळक लिहितातच.

सगळ्यात जास्त प्यायली गेली ती बोबाल. इथली घरचीच म्हणायची, शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर रेकेना, त्याच्या पुढे उतिएल, आणि तो सगळा पट्टा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, हिवाळ्यात कडाक्याची थंडी. बोबालला कोंब उशिरा फुटतात म्हणून वसंतातल्या हिमाच्या तडाख्यातून ती बऱ्याचदा वाचते, शेतकऱ्यांनी ती धरून ठेवली त्याचं हे एक मोठं कारण. पण वर्षानुवर्षं तिचा उपयोग काय, तर रंग! साल जाड, रंग गडद, त्यामुळे टँकरच्या टँकर भरून दुसऱ्यांच्या फिक्या वाइनमध्ये मिसळायला जायची. स्वतःच्या नावाने चांगल्या बाटलीत यायला तिला फार उशीर झाला. मुस्तिगियो या वायनरीने जुन्या वेलींच्या बोबालवर जे काम केलं त्यामुळे लोक तिच्याकडे वळून बघायला लागले, त्यांची फिंका तेर्रेराथो खास दिवसासाठी ठेवा, महाग आहे. रोजच्यासाठी सहा ते दहा युरोंची, लाकडात फार न मुरवलेली बोबाल बस्स झाली.

चव? काळी चेरी, करवंदासारखा आंबटतुरटपणा, आणि मागे थोडा रांगडेपणा जो कमी दर्जाच्या बाटलीत जरा जास्तच होतो. दात जांभळे होतात हे आधीच सांगते, फोटो काढायचे असतील तर जेवणाआधी काढा. पण आंबटपणा भरपूर असल्यामुळे तेलकट, मसालेदार जेवणाला ती बरोबर उभी राहते. भरली वांगी, सुकं मटण, अगदी चिंचगुळाच्या आमटीबरोबरसुद्धा मला आवडली. रेकेनाच्या सॉसेजबरोबर तर इथले लोक पितातच. उघडून ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागते हा माझा अनुभव, फक्त फ्रीजमध्ये ठेवा.

मेंथिया एकदम वेगळी. उत्तर-पश्चिमेला बिएर्थो आणि रिबेइरा साक्रा इथली. रिबेइरा साक्रामध्ये सिल आणि मिन्यो नद्यांच्या इतक्या खड्या उतारांवर मळे आहेत की ट्रॅक्टर विसरा, सगळं हातानेच. बिएर्थोला जगाच्या नकाशावर आणण्यात वाइनमेकर आल्वारो पालासिओस आणि त्याचा भाचा रिकार्दो पेरेस यांचा मोठा वाटा, १९९९ च्या सुमाराला तिथल्या कोरुयोन गावच्या जुन्या मळ्यांवर त्यांनी काम सुरू केलं. वाइन हलकी, लाल फळं, फुलांचा वास, थोडी मिरी. जरा गार करून, १४-१५ अंशांवर. चिकनच्या पातळ रश्श्याबरोबर किंवा पिठलं-भाकरीबरोबर मस्त, तिखट मात्र बेताचं हवं.

मोनास्त्रेय म्हणजे आग्नेय स्पेनमधलं खुमिया, येक्ला, अलिकान्ते. कोरडी, तापलेली जमीन, आणि १४.५-१५ टक्के अल्कोहोल. खुमियात काही जुन्या वेली अजून कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, तिथल्या रेताड जमिनीत फिलॉक्सेराची (वेलींची मुळं खाणारी कीड) डाळ शिजत नाही म्हणून. ख्वान खिल या वायनरीची चंदेरी लेबलवाली घेतली होती, बारा महिने लाकडात मुरवलेली, थंडीच्या रात्री भाजलेल्या कोकराबरोबर अप्रतिम! तीच तांबड्या रश्श्याबरोबर घेतली आणि तोंडात नुसती आग, कारण अल्कोहोल जास्त असलं की मिरची अजून झोंबते. वाइनची यात चूक नाही, ती तिच्या जागी उत्तमच आहे.

गार्नाचा या आणखी एका द्राक्षाचं थोडक्यात, कारण माद्रिदच्या पश्चिमेच्या ग्रेदोस डोंगरांतली एखाददुसरीच बाटली झाली: फिकी, सुगंधी, फसवी. हलकी म्हणून पीत जाता आणि अल्कोहोल चांगलं १४ असतं.

तर आपल्या जेवणाशी भांडतं ते द्राक्ष नाही, लाकूड आणि अल्कोहोल. पाठीमागे 'रोब्ले' (म्हणजे ओक लाकूड) किंवा बॅरलचे महिने लिहिलेले दिसले आणि घरी मसालेदार बेत असेल, तर मी ती बाटली सरळ परत मांडणीवर ठेवते.

पुण्याला जाताना सामानात दोन लिटरची मर्यादा असते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. या वेळी एक साधी बोबाल आणि एक मेंथिया नेतेय. बाबा मोनास्त्रेय आण म्हणतायत, पण त्यांच्या हातचं मटण खाल्लंय मी.