टीपी-लिंक आर्चर सी६ : खोक्यावरचे १२०० विसरा, मागचे पोर्ट बघा

आर्चर सी६ या वायफाय राउटरच्या खोक्यावर ‘एसी१२००’ ठळक छापलेलं असतं आणि दुकानदारही तेच सांगून तो विकतो. हा आकडा म्हणजे वायफायच्या दोन बँडांची (लहरींच्या पट्ट्यांची) कागदावरची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, मिळून ११६७, त्याचे गोळाबेरीज १२००. मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे १२०० कुणालाच मिळत नाहीत. त्याच खोलीत, राउटर डोळ्यांसमोर असताना ८६७ पैकी निम्मे हाती लागले तरी चांगलं म्हणायचं.

या राउटरचे पैसे वसूल होतात ते पाठीमागे. एक वॅन (बाहेरचं नेट आत घेणारा) आणि चार लॅन (घरातल्या उपकरणांसाठी), असे पाचही पोर्ट गिगाबिट आहेत. याच कंपनीचा आर्चर सी५० सुद्धा ‘एसी१२००’ म्हणूनच विकला जातो, पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. तुमचा प्लॅन २०० किंवा ३००चा असेल, तर सी५०वर स्पीड टेस्ट ९४-९५च्या पुढे जाणार नाही आणि तुम्ही बिचाऱ्या केबलवाल्याशी भांडत बसाल. प्लॅन १०० किंवा त्याहून कमी असेल तर हा फरक पोर्टांत जाणवणार नाही. आणि प्लॅनमधले एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल उतरताना संगणक मेगाबाइट दाखवतो, म्हणून आकड्याला ८ने भागायचं. १००च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले की सगळं ठीक आहे.

गिगाबिट पोर्ट असूनही स्पीड ९४वर अडकला, तर बहुतेक वेळा दोष वायरीचा असतो. १०० एमबीपीएसला वायरीतल्या आठपैकी चारच तारा पुरतात: पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार क्रिंप करताना (कनेक्टर दाबून बसवताना) नीट बसली नाही, तर नेट बंद पडत नाही, दोन्ही बाजू गुपचूप १००वर उतरतात. संगणकाच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा; तिथे १००० ऐवजी १०० दिसलं की कनेक्टर कापून पुन्हा बसवायचा. क्रम दोन्ही टोकांना सारखाच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वायर कॅट ५ई पुरते, कॅट ६ घेतली तर उत्तम, पण तांब्याचीच मागा. स्वस्त बंडलात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर येते. ती वाकवताना तुटते आणि लांब पल्ल्यावर दगा देते. एका वायरीची मर्यादा १०० मीटर.

आता जोडणी. फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर या राउटरला लागत नाही, तसा पोर्टच नाही. ती लागते कंपनीने दिलेल्या ओएनटीला, ज्याला लोक सरसकट मोडेम म्हणतात. ओएनटी प्रकाशाचं इथरनेट करतो, राउटर ते एकच कनेक्शन घरातल्या सगळ्यांत वाटतो. अडचण अशी की आजकालचे बहुतेक ओएनटी स्वतःही राउटरच असतात. त्याच्या लॅनमधून वायर काढून सी६च्या वॅनमध्ये घातली, की घरात दोन राउटर एकामागे एक बसतात. यालाच डबल नॅट म्हणतात. यूट्यूब चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. मग ऑफिसातला प्रिंटर सी६च्या वायफायवर, लॅपटॉप ओएनटीच्या वायफायवर, आणि प्रिंटर काही सापडत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे ॲडव्हान्स्ड मेनूत ऑपरेशन मोडमध्ये जाऊन ॲक्सेस पॉइंट निवडणं. मग उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) वाटायचं काम एकटा ओएनटी करतो आणि सी६ उरतो वायफाय व स्विच (पोर्ट वाढवणारा डबा) म्हणून. या मोडमध्ये पॅरेंटल कंट्रोलसारख्या सोयी जातात. त्या हव्या असतील तर कंपनीकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम बंद, नुसतं कनेक्शन पुढे देणं) करून घ्या आणि सी६वर पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड भरा. ते दोन्ही आधी कागदावर लिहून ठेवा, कारण रीसेट केल्यावर पुसले जातात. स्थानिक केबलवाल्याकडे जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक) बांधलेला असेल तर सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही. तेव्हा मॅक क्लोन करा, म्हणजे जुनाच पत्ता सी६वर उतरवा, किंवा त्याला नवा पत्ता कळवा.

राउटर मोडमध्ये सेटिंगचं पान १९२.१६८.०.१ वर उघडतं. हाच पत्ता बाकी उपकरणांसाठी गेटवे असतो, म्हणजे बाहेर जायचं दार. डीएचसीपी (राउटरमधला पत्ते वाटणारा) प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीसाठी. प्रिंटर शनिवार-रविवार बंद राहिला की सोमवारी त्याला दुसरा पत्ता मिळू शकतो आणि सगळ्यांच्या संगणकावर तो ऑफलाइन दिसतो. डीएचसीपीच्याच पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन आहे, तिथे प्रिंटर आणि डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) दोन्ही एकेका पत्त्याला बांधून टाका. प्रिंटरमध्ये हाताने पत्ता भरण्यापेक्षा हे बरं, कारण एकच पत्ता दोघांना जायची भीती राहत नाही.

डीव्हीआर बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणं) करणार असाल तर आधी स्टेटसमध्ये वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे. तिथे पोर्ट उघडून काहीही होणार नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता) मागा किंवा डीव्हीआर कंपनीचं क्लाउड ॲप वापरा.

वायफायचं काम नीटनेटकं, पण चमत्कार नाही. ५ गिगाहर्ट्झ एक विटांची भिंत ओलांडतं, दुसरीनंतर धापा टाकतं. कोकणातल्या चिऱ्यांच्या घरात किंवा दोन स्लॅबच्या पलीकडे चार अँटेनांकडून अपेक्षा ठेवू नका. तिथे वायर नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणं हाच मार्ग. २.४वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. कागदावरचे ३०० त्याने १४४ होतात, पण सोसायटीत शेजाऱ्यांच्या गर्दीत तेच जास्त टिकतं. स्मार्ट बल्ब किंवा जुना प्रिंटर जोडताना अडला तर स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाने चालवणारी सोय) बंद करून दोन्ही बँडांना वेगळी नावं द्या, ही उपकरणं बहुधा २.४च ओळखतात. गिऱ्हाइकांना पासवर्ड द्यायचा तर गेस्ट नेटवर्कचा द्या, आणि त्यातली लोकल नेटवर्कची परवानगी बंदच असू द्या.

नेट गेलं की आधी दिवे बघा. इंटरनेटचा दिवा नारिंगी म्हणजे वायर लागली आहे, पुढे नेट नाही. संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही, वायर किंवा राउटर तपासा. व्हॉट्सॲप चालू पण वेबसाइट उघडत नाहीत, तेव्हा डीएनएसवर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सोयीवर) संशय घ्या, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा. वीज वारंवार जात असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, मात्र त्यावर ओएनटीही चालवावा लागतो. दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट सारखे आहेत का ते वाचा आणि अँपिअरची बेरीज करून यूपीएस निवडा.

उणिवा आहेतच. यूएसबी पोर्ट नाही, म्हणजे हार्ड डिस्क लावून फाइली वाटता येणार नाहीत. वायफाय ५ आहे, त्यामुळे ५००च्या वरचा प्लॅन असेल किंवा पंचवीस-तीस उपकरणं एकदम चालत असतील तर थोडे पैसे वाढवून वायफाय ६चा राउटर घ्यावा. दोन-तीन खोल्यांचं घर, सीएचं किंवा वकिलाचं छोटं ऑफिस, ३००पर्यंतचा प्लॅन एवढ्यासाठी सी६ पुरेसा आहे. चार लॅन पोर्ट कमी पडले तर नवा राउटर नको. आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच एका लॅनमध्ये लावला की झालं, त्याला काही सेटिंग लागत नाही.

विकत घेताना खालच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन टिपून ठेवा. सी६ अनेक व्हर्जनमध्ये आला आहे आणि एकाचं फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) दुसऱ्याला चालत नाही. अपडेट वायर लावून करा, वायफायवरून नको, आणि विजेचा भरवसा नसेल त्या दिवशी मुळीच नको.