मेनफ्रेमचं प्रिंटिंग ‘आधुनिक’ करून देतो म्हणणाऱ्यांनी आम्हाला कसं गंडवलं

ग्राहकांची स्टेटमेंट्स, पगारपत्रकं, पॉलिसीचे कागद अजून मेनफ्रेमवरून (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावरून) काढणाऱ्या आणि ते कागद साठवून शोधून देणाऱ्या जुन्या आउटपुट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या वार्षिक बिलाला वैतागलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमच्या अशा जुन्या कागदांचा साठा, म्हणजे अर्काइव्ह, पीडीएफमध्ये नेऊन द्यायचं काम आम्ही एका व्हेंडरला दिलं होतं. प्रकरण लवादापुढे असल्यामुळे व्हेंडरचं नाव देत नाही. हीच युक्ती उद्या दुसरा कुणीही वापरू शकतो, त्यामुळे नावापेक्षा पद्धत कळलेली बरी.

सुरुवात भीती घालण्यापासून झाली. जेस म्हणजे मेनफ्रेमवर कामांची आणि छपाईची रांग सांभाळणारी व्यवस्था; तिचे जेस२ आणि जेस३ असे दोन प्रकार. आयबीएमने २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमची २.४ ही जेस३ असलेली शेवटची आवृत्ती असेल. बातमी खरी. पण आम्ही पहिल्यापासून जेस२ वर, आणि जेस२ कुठेही जाणार नव्हतं. (जेस३ सुद्धा पुरतं गेलं नाहीच, फिनिक्स सॉफ्टवेअरने ते जेस३प्लस म्हणून पुढे चालू ठेवलं.) व्हेंडरच्या माणसाने स्लाइडवर ‘३’ गाळून ‘जेस बंद होत आहे’ एवढंच लिहिलं आणि ती स्लाइड दाखवली वित्त विभागाला. त्या बैठकीला सिस्टिम प्रोग्रॅमरना बोलावणंच नव्हतं. आमच्यापर्यंत गोष्ट आली तोवर बजेट मंजूर होऊन तारीखही ठरली होती.

मग डेमो. नमुन्याच्या फाइल्स आधी मागवल्या, आणि कोणत्या हव्यात तेही त्यांनीच सांगितलं: काही साधे रिपोर्ट आणि एक देखणं स्टेटमेंट. डेमोत पान हुबेहूब दिसलं, खाते क्रमांक टाकला की क्षणात सापडला. सगळे खूश.

त्या नमुन्यांत काय नव्हतं ते बघा. लाइन प्रिंटरच्या रिपोर्टात प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर छापायचं नसतं, ते प्रिंटरला दिलेला हुकूम असतं. ‘१’ म्हणजे नवं पान, रिकामी जागा म्हणजे पुढची ओळ, ‘०’ म्हणजे एक ओळ सोडून, आणि ‘+’ म्हणजे कागद न सरकवता त्याच ओळीवर पुन्हा छाप. ठळक अक्षरं आणि अधोरेखन याच ‘+’ ने करायचे. आमच्या लेजरमधल्या बेरजेच्या सगळ्या ओळी अशाच ठळक केलेल्या. यांच्या प्रोग्रॅमने ‘+’ ला नवी ओळ मानलं, त्यामुळे बेरीज दोनदा दिसायला लागली आणि पानातल्या तळाच्या ओळी पुढच्या पानावर ढकलल्या गेल्या. इथवर मी याला अडाणीपणा म्हणेन. पुढचं सगळं मात्र ठरवून केलेलं होतं.

आमचा बहुतेक अर्काइव्ह एएफपीमध्ये. आयबीएमचा १९८४ पासूनचा हा छपाईचा फॉरमॅट ज्यांनी हाताळलाय त्यांना माहीत आहे, एएफपीची फाइल बहुधा एकटी पुरत नाही. मजकूर फाइलमध्ये, पण फाँट, पानावरचा छापील आराखडा म्हणजे ओव्हरले, लोगोचे पेज सेगमेंट, फॉर्मडेफ (पान कागदावर कसं बसवायचं याच्या सूचना), हे सगळं वेगळ्या लायब्ररीत. प्रामाणिकपणे पीडीएफ करायचं तर जुन्या रास्टर (ठिपक्यांच्या) फाँटमधलं प्रत्येक अक्षर कोड पेजनुसार (कोणता कोड म्हणजे कोणतं अक्षर, या तक्त्यानुसार) ओळखून, नवा फाँट जोडून मजकूर हा मजकूर म्हणूनच न्यावा लागतो. असं करणारी चांगली सॉफ्टवेअर्स आहेत, पण काम किचकट आणि वेळखाऊ. यांनी काय केलं, तर प्रत्येक पानाचं चित्र काढलं आणि ते चित्र पीडीएफच्या वेष्टनात घातलं. शोधासाठी आमच्या जुन्या सिस्टिममधला तयार इंडेक्स तेवढा उचलला.

हे उघडकीस आणलं आमच्या ऑडिटरने. तिला पानाच्या मधल्या एका व्यवहाराचा संदर्भ क्रमांक शोधायचा होता. सापडेना. माउसने ओळ सिलेक्ट करायला गेली तर ओळ हाती लागेना. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटची यादी कोरी. मग डेमोत शोध कसा चालला? सर्व्हरचे लॉग काढले तेव्हा दिसलं की ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, फक्त एकाच फोल्डरवर चालवलं होतं, आमच्या नमुन्यांच्या. तेही हाताने दुरुस्त करून.

यात त्यांचा दुहेरी फायदा होता. किचकट काम टळलं, शिवाय भाडं वाढलं. चित्राचं पान मजकुराच्या पानापेक्षा कितीतरी जड, आणि करारात साठवणुकीचं भाडं आकारमानावर.

पण मला सगळ्यात जास्त संताप आला तो ओव्हरलेच्या प्रकाराचा. ओव्हरले काळानुसार बदलत जातात: लोगो बदलतो, मागच्या पानावरच्या अटी बदलतात. म्हणूनच नीट अर्काइव्ह कागदपत्राबरोबर त्या वेळचे रिसोर्सही (ओव्हरले, फाँट वगैरे) जपतो. आमचा जुना जपत होता. यांनी ते सगळे बाजूला ठेवून आजच्या लायब्ररीतला एकच संच सरसकट वापरला. परिणाम असा की जुन्या स्टेटमेंटवर आजच्या अटी! ग्राहकाने त्याच्याकडचा मूळ कागद कोर्टात ठेवला असता आणि आम्ही आमची ‘अधिकृत प्रत’ ठेवली असती, तर दोन्ही जुळल्या नसत्या आणि खोटे आम्ही ठरलो असतो.

एवढं होऊनही त्यांचा काम पूर्ण झाल्याचा अहवाल शंभर टक्के. आत गेलेल्या फाइल्स आणि बाहेर आलेल्या फाइल्स, आकडे तंतोतंत समान. पानांचा आकडा अहवालात कुठेच नाही. आम्ही जुन्या सिस्टिममधून फाइलवार पानं काढून ताडली तेव्हा अनेक फाइल्स एकाच पानाच्या निघाल्या, आणि ते पान कोरं. प्रोग्रॅमला जी फाइल वाचता आली नाही तिच्या नावाने कोऱ्या पानाचं पीडीएफ तयार करायचं आणि रिटर्न कोड शून्य, म्हणजे ‘काम यशस्वी’, द्यायचा, अशी पायरीच त्यांच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे. चूक झाली म्हणून कुणी असं लिहीत नाही.

या काळात त्यांचा लकडा एकच: जुनं लायसन्स बंद करा, टेप पुसा, बचत लगेच दिसेल. आमच्या ऑपरेशन्सच्या प्रमुखांनी पानांचा हिशेब लागल्याशिवाय एकही टेप सोडणार नाही असं लेखी कळवलं होतं, म्हणून आज मूळ डेटा शाबूत आहे. टेप पुसल्या असत्या तर पुरावाही गेला असता.

लवादापुढे त्यांचा बचाव करारातल्या दोन शब्दांवर उभा आहे: ‘दृश्यतः समान’. पान तसंच दिसतं ना, मग झालं रूपांतर. मजकूर शोधता आला पाहिजे असं करारात म्हटलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. तुमचा करार अजून व्हायचा असेल तर ‘मजकूर अक्षररूपात’, ‘त्या त्या काळच्या रिसोर्ससह’ आणि ‘पानांची फाइलवार जुळणी’ हे शब्द त्यात घालून घ्या. मूळ एएफपी जसंच्या तसं तुमच्या ताब्यात राहील, हेही. ठरावीक दिवसांत हरकत आली नाही तर काम स्वीकृत समजावं, असं एक कलम शेवटच्या पानांत दडवलेलं असतं. ते काढायला लावा. बाहेर पडताना इंडेक्स कोणत्या स्वरूपात आणि किती पैशांत परत मिळेल तेही आधीच विचारा. आमच्याकडे निर्यातीचा दर पानामागे निघाला.

सध्या दुसऱ्या व्हेंडरबरोबर बोलणी चालू आहेत. या वेळी नमुने आम्ही निवडले: ‘+’ ने भरलेलं लेजर, ओव्हरले बदलण्याच्या आधीचं आणि नंतरचं स्टेटमेंट, आणि अर्काइव्हमधल्या सगळ्यात जुन्या फाइल्स. त्यांतल्या दोन फाइल्स जमणार नाहीत असं त्यांनी लेखी कळवलंय, कारण त्यांत वापरलेला फाँट आमच्याच लायब्ररीत नाही. जुन्या बॅकअप टेपांवर तो शोधायचं काम चालू आहे.