लीगमधले घोस्ट न्याय्य आहेत का? कार रेसिंग गेम बरेच महिने खेळल्यावर

गणपतीच्या सुट्टीत डाउनलोड केलेला हा गेम अजून माझ्या फोनवर आहे आणि जवळजवळ रोज उघडला जातो. गाड्या देखण्या आहेत, कंट्रोल पक्के आहेत, जाहिराती बेताच्या आहेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, पहिल्या आठवड्यातच ते कोणालाही कळेल. मला लिहायचंय ते घोस्टबद्दल, म्हणजे आधी कोणीतरी खेळलेल्या शर्यतीच्या नोंदीवरून पळणाऱ्या गाड्यांबद्दल, कारण लीगमधली आपली रँक पूर्णपणे त्यांच्यावर ठरते आणि ते कसे निवडले जातात हे गेम कुठेच सांगत नाही.

माझं घर कळव्यात, ऑफिस महापेला. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल धरली की कोपरखैरणे येईपर्यंतचा वेळ माझा, बसायला जागा मिळाली तर. लीगची शर्यत लावली की स्क्रीनवर 'प्रतिस्पर्धी शोधत आहोत' असं येतं, मग पाच नावं, देशांचे झेंडे, त्यांची रँक. पाहणाऱ्याला वाटावं की ही माणसं आत्ता, या क्षणी आपल्याशी खेळताहेत. पण लोकलमध्ये मधेच नेटवर्क गेलं तरी ते पाचही जण मजेत पळत राहतात, एकही अडखळत नाही. खात्री करायला घरी शर्यत सुरू झाल्याझाल्या मोबाइल डेटा बंद करून पाहिला. सगळे शेवटपर्यंत धावले. म्हणजे त्यांनी आधी कधीतरी खेळलेल्या शर्यती माझ्या फोनवर उतरवून घेतलेल्या असतात आणि मी त्या नोंदींशी लढत असते.

याला माझी मुळात हरकत नाही. १९९२च्या सुपर मारिओ कार्टमध्येही टाइम ट्रायलला, म्हणजे एकट्याने घड्याळाशी खेळताना, आपल्याच सर्वोत्तम वेळेच्या घोस्टशी शर्यत लावता यायची. २०१३ साली आलेल्या रिअल रेसिंग ३ने वेगळी वाट धरली. तिथे मित्राने नोंदवलेल्या वेळेनुसार त्याच्या नावाची गाडी संगणक चालवायचा आणि त्या गाडीला धडकताही यायचं. थेट शर्यतीसाठी सगळ्यांचं नेटवर्क शेवटपर्यंत धड राहावं लागतं, आणि धावत्या लोकलमध्ये ते कोण देणार? घोस्ट आहेत म्हणून मी प्रवासात खेळू शकते. शिवाय वळणावर मागून येऊन मुद्दाम ठोकणारं कोणी नसतं.

शिकायला तर घोस्टसारखा गुरू नाही. बंदराच्या ट्रॅकवरचं यू-टर्नसारखं वळण मला कित्येक दिवस जमत नव्हतं. टाइम ट्रायलमध्ये माझ्यापेक्षा थोड्याच वेगवान खेळाडूचा घोस्ट लावला आणि त्याच्या मागे राहून फक्त पाहिलं. तो बाहेरच्या कडेने आत शिरत होता, ब्रेक माझ्याआधी दाबत होता आणि वळणाच्या मध्यावरच पुन्हा वेग घेत होता. मी ब्रेक उशिरा दाबून आत घुसत होते, त्यामुळे बाहेर पडताना वेग उरायचा नाही. एवढं बदललं आणि वळण सुटलं. या भागाला मी पाचपैकी पाच देईन.

लीगमध्ये मात्र हेच घोस्ट अन्याय करतात, आणि ते आम्हाला घरातच दिसलं. माझा भाचा घणसोलीला राहतो, तोही आमच्या क्लबमध्ये आहे. क्लबमध्ये एकमेकांच्या शर्यती निवडून खेळता येतात. एका रविवारी तो घरी आला होता. त्याने एक शर्यत मारली, आणि तो जेवायला बसल्यावर मी त्याच्या घोस्टशी खेळायला घेतली. लांब सरळ रस्त्यावर त्याची गाडी रिकाम्या जागेत अचानक सुसाट सुटली. पुढे कोणी नाही, नायट्रोही (बटण दाबून मिळणारा जादा वेग) नाही.

"अरे, हा वेग आला कुठून तुला?"

"मावशी, तिथे माझ्यापुढे लाल गाडी होती ना, तिच्या मागे चिकटून आलो मी."

खुलासा एवढाच होता. पुढच्या गाडीने हवा कापली की मागच्या गाडीला रोध कमी होतो, म्हणून मागे चिकटून चालणाऱ्याला वेग मिळतो. खऱ्या रेसिंगमध्येही हे आहे आणि या गेमनेही घेतलंय. पण भाच्याला तो फायदा त्याच्या शर्यतीतल्या गाडीने दिला होता, आणि ती गाडी माझ्या शर्यतीत नव्हतीच. लीगच्या नोंदीत तसा फायदा जमा झालेला असला, तर तो मला भरून काढावा लागतो. आणि मी घोस्टच्या मागे चिकटले तर मला काहीच मिळत नाही, हे मी पुन्हा पुन्हा तपासलंय. नोंदीला फायदा मिळतो आणि जिवंत खेळणाऱ्याला नाही, याला बरोबरीची शर्यत कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट अपडेटची. हिवाळ्यात एका गाडीचा नायट्रो कमी केला. त्यानंतरही लीगमध्ये तीच गाडी जुन्याच वेगाने पळताना दिसत होती. माझा अंदाज असा की गेम खेळाडूची बोटं कुठे पडली हे साठवत नाही, गाडी कोणत्या क्षणी कुठे होती ते साठवतो. त्यामुळे नियम बदलले तरी नोंद जुन्या नियमांनीच धावते. ज्यांनी पैसे टाकून ती गाडी घेतली त्यांना ती आता हळू मिळते आणि समोरून तिचंच जुनं रूप हरवून जातं. याचा मला खरंच राग येतो.

तिसरी बाब पटकन लक्षात येत नाही. आपण भिंतीवर आदळून शर्यत मधेच सोडली, तर तिची नोंद आपल्या यादीत कुठेच येत नाही. घोस्ट पूर्ण झालेल्या शर्यतींचेच बनत असतील, तर समोर नेहमी न घसरलेली माणसंच येणार. थेट शर्यतीत पाचांतला एखादा तरी चुकतो, आणि त्या चुकीवर मागच्याला संधी मिळते. इथे तसं होताना मी क्वचितच पाहिलंय.

फोनचा फरकही आहेच. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर दर १७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, ३० फ्रेमवर ३३ मिलिसेकंदांनी. ऑक्टोबरच्या उकाड्यात, गर्दीच्या डब्यात फोन तापला की तो स्वतःच मंदावतो. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतात तिथे हे जाणवतं. पण याचा दोष मी गेमला देत नाही.

सपोर्टला सविस्तर लिहिलं होतं. प्रत्येक घोस्टवर तारीख आणि अपडेटचा क्रमांक दाखवा, गाडीचे आकडे बदलले की तिच्या जुन्या नोंदी लीगमधून काढा, आणि मागे चिकटून मिळणारा वेग लीगपुरता बंद ठेवा, नाहीतर घोस्टच्या मागेही तो द्या. 'तुमची सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे' एवढं उत्तर आलं. मागच्या अपडेटमध्ये नवे रंग आणि दोन गाड्या आल्या, घोस्टबद्दल एक ओळ नव्हती.

नव्याने घेणाऱ्यांनी टाइम ट्रायलसाठी जरूर घ्यावा. लीग खेळायची असेल तर अपडेट आल्यावर दोन-तीन दिवस थांबा, कारण तेव्हा जुन्या वेगाच्या नोंदी जास्त भेटतात. आणि लांब सरळ रस्ते असलेले ट्रॅक टाळा. वळणांच्या ट्रॅकवर चिकटून चालायला फारशी जागा नसते, तिथे घोस्ट आणि आपण बरेच जवळ येतो.