आठ महिने रोज रे स्टीव्हन्स ऐकल्यावर

मी अटलांटात राहतो, ऑफिसला जाऊन-येऊन रोजचं दीड तास ड्रायव्हिंग होतं, आणि मागच्या हिवाळ्यात गाडीत रे स्टीव्हन्स हा जुना अमेरिकन गायक लावला तो अजून चालूच आहे. माणूस इथलाच, अटलांटाच्या शेजारच्या क्लार्कडेल गावात 1939 साली जन्मला, तरी माझ्या ऑफिसमधल्या तरुण पोरांना नाव माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते म्हणतात हां तो कॉमेडी गाणी म्हणणारा. हे ऐकलं की मला आतून वाईट वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

माझी सुरुवात पण कॉमेडीनेच झाली. एका सीनियर कलीगने 'द स्ट्रीक' ऐकवलं. 1974 मध्ये अमेरिकेत कपडे काढून गर्दीतून पळत सुटायचं खूळ आलं होतं, त्यावरचं गाणं, टीव्हीचा रिपोर्टर माहिती विचारतोय आणि एक नवरा बायकोला बघू नकोस बघू नकोस म्हणून ओरडतोय तोवर तिचं बघून झालेलं असतं. तीन आठवडे बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत, एक नंबरला होतं हे. मी पोट धरून हसलो आणि पुढचा महिनाभर शोधून शोधून तशीच गाणी ऐकली. आता जोक कोणाचाही असो, विसाव्यांदा काय हसणार, साधारण सहाव्या आठवड्यात माझं हसणं थांबलं. पण गाणं काही मी बदलत नव्हतो. तेव्हा लक्षात आलं की आपण केव्हापासून मागचा बँड ऐकतोय.

तिथून खरा माणूस सापडायला लागला. 'मिस्टी' घ्या. मूळची एरॉल गार्नर या पियानोवादकाची चाल, जॅझमधली, एकदम संथ, रात्री दिवा मंद करून ऐकायची. ह्याने 1975 मध्ये ती उचलली आणि बँजो, फिडल, स्टील गिटार अशी कंट्री म्हणजे अमेरिकन ग्रामीण संगीतातली वाद्यं घालून अशी पळवली की मूळ गाणं माहीत असलेला माणूस आधी दचकतो. पण चालीला कुठे धक्का नाही लागलेला. लय दुप्पट वाटते, तरी आवाज शांतपणे लांब लांब सूर धरून राहतो, खाली बँजोची टपटप आणि वर तो सूर, ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना मी हे लागोपाठ चार वेळा ऐकलंय. ग्रॅमी मिळालं त्याला या गाण्याला, आणि ते अरेंजमेंटसाठी, कोणतं वाद्य कुठे कसं वाजेल त्या मांडणीसाठी, म्हणजे जाणकारांना तेव्हाच कळलं होतं. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरात, तो 1962 पासून आहे, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवायचा, अरेंज करायचा, एल्विस प्रेस्लीच्या सेशनला ट्रम्पेट वाजवलाय त्याने.

'गिटारझन' या त्याच्या गाण्यात टारझन, जेन आणि माकड तिन्ही तोच आहे. नुसते आवाज बदलणं वेगळं आणि प्रत्येक आवाज सुरात ठेवणं वेगळं, ते हेडफोन लावून ऐका म्हणजे कळेल.

जूनमध्ये आई आली होती साताऱ्याहून. किचनमध्ये मेथी निवडत बसली होती आणि मी 'इन द मूड' लावलं, ग्लेन मिलरच्या बँडची ती जगप्रसिद्ध धून, ह्याने 1976 मध्ये ती अख्खी कोंबड्यांच्या आवाजात केलीय. आईला इंग्रजी येत नाही, धून पण माहीत नव्हती. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अरे ही अंडं घालून उठलेली कोंबडी आहे, अशीच ओरडते, पण तालात ओरडतीय की रे." मग हातातली जुडी ठेवून पूर्ण ऐकलं. आम्ही गावी कोंबड्या पाळायचो, तिला फसवणं सोपं नाही.

आणि गंभीर गाणी. 'एव्हरीथिंग इज ब्यूटिफुल' 1970 मध्ये एक नंबर झालं, सुरुवातीला शाळेतली मुलं गातात त्यात त्याच्या दोन्ही मुली आहेत. 'मिस्टर बिझनेसमन' पैशाच्या मागे लागलेल्या माणसावर आहे, त्यात असला संताप आहे की कोंबडीवाला माणूस तो हाच यावर विश्वास बसत नाही. क्रिस क्रिस्टॉफरसन या गीतकाराचं 'संडे मॉर्निंग कमिंग डाऊन' सगळ्यात आधी रेकॉर्ड केलं ते ह्यानेच, 1969 मध्ये, फार चाललं नाही, पुढच्याच वर्षी जॉनी कॅश या नावाजलेल्या कंट्री गायकाने म्हटलं आणि ते कंट्री चार्टवर एक नंबरला गेलं. कॅशचं थोरच आहे, वाद नाही. पण स्टीव्हन्सच्या आवाजात जो एकटेपणा आहे, रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा, तो मला जास्त जवळचा वाटतो. परदेशातल्या पहिल्या दोन वर्षांतले माझे रविवार असेच गेलेत.

न आवडलेलं पण सांगतो. 'अहाब द अरब' हे 1962 चं मोठं हिट, पण त्यात अरब माणसाची जी टर आहे ती मला आज ऐकवत नाही, स्किप करतो. 2009 नंतरची राजकीय गाणी पण रुचली नाहीत, तिथे संगीतावर तेवढी मेहनत वाटत नाही. अजून एक, स्वस्तातले कलेक्शन घेताना जपून, मी घेतलेल्या एकात जुनी हिट्स नंतर परत गाऊन भरलेली निघाली, आवाज जाड आणि बँड सपाट. मूळ रेकॉर्डिंगच आहे ना ते बघून घ्या.

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कंट्रीतल्या थोर कलाकारांच्या मानाच्या यादीत, त्याला 2019 मध्ये घेतलं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. फार उशीर केला असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्याने ऐकणार असाल तर 'द स्ट्रीक' आधी लावू नका. 'मिस्टी' लावा, मग 'संडे मॉर्निंग', आणि कोंबड्यांचं 'इन द मूड' घरात कोणी मोठं माणूस असेल तेव्हा.