मातीची भांडी, मुद्रा की लहान मूर्ती? नव्या संग्राहकासाठी तुलनात्मक आढावा

प्राचीन आशियाई वस्तूंचा संग्रह सुरू करताना भांडी घ्यावीत, मुद्रा (ठसा उमटवण्याचे कोरीव शिक्के) घ्याव्यात की लहान मूर्ती, हा प्रश्न साताऱ्या-सांगलीकडच्या हौशी मंडळींना हमखास पडतो आणि बहुतेकांचा निर्णय किंमत व देखणेपणा पाहून होतो. माझ्या मते त्याआधी पाहावे ते असे, की वस्तू आजवर कोणाकोणाच्या हातांतून आली हे कागदावर दाखवता येते का, तिचा अस्सलपणा तपासण्याचे साधन उपलब्ध आहे का आणि आपल्या घरातील हवेत ती टिकेल का. या कसोट्या लावल्या की तिन्ही प्रकारांतील फरक स्पष्ट होतो.

कायद्याची बाजू तिन्हींना लागू आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींविषयीचा १९७२ चा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार १०० वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत आणि हाड यांच्या जुन्या मूर्तींची नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदलेली मूर्ती दुसऱ्याच्या ताब्यात देताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. साधी मातीची भांडी या सक्तीच्या यादीत नाहीत. आकृती कोरलेल्या दगडी मुद्रेबाबत मात्र आधी अधिकाऱ्याला विचारून घेतलेले बरे. आपल्याकडे कृष्णाकाठच्या गावांत पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर नांगरताना खापरे, मणी किंवा नाणी वर येतात आणि ती उचलून घरी ठेवली जातात. अशा ठिकाणी स्वतः खणणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. संग्रहाची सुरुवात शेतातून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भांड्यांचा मोठा गुण म्हणजे त्यांचे वय प्रयोगशाळेत तपासता येते. माती भट्टीत भाजली की तिच्यातील खनिजांत साठलेली ऊर्जा निघून जाते आणि पुढे किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठत राहते. ती मोजून भांडे केव्हा भाजले गेले याचा अंदाज बांधला जातो. या तपासणीत साधारण २० ते २५ टक्क्यांची तूट-वाढ धरावी लागते. त्यामुळे चीनमधील हान काळातील, म्हणजे सुमारे २००० वर्षांपूर्वीचे हिरव्या झिलईचे भांडे आणि गेल्या काही दशकांतील नक्कल यांतला फरक खात्रीने कळतो, पण भांडे नेमके कोणत्या राजाच्या कारकिर्दीतले हे कळत नाही. नकला करणारेही या तपासणीला ओळखून आहेत: खऱ्या जुन्या भांड्याचे तुकडे नव्या भांड्याच्या बुडाशी बसवले जातात, म्हणून नमुना किमान दोन जागांवरून घेण्याचा आग्रह धरावा.

प्रयोगशाळेपूर्वी हातानेही बरेच कळते. माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो, तशीच परीक्षा येथे उपयोगी पडते: अखंड, चांगले भाजलेले भांडे खणखणते, तर चीर सांधून वर रंग दिलेले भांडे बद्द वाजते. आपल्या महाराष्ट्रातील जोर्वे संस्कृतीची (सुमारे इ.स.पू. १४०० ते ७००) लाल अंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी तर या खणखणीत आवाजासाठीच ओळखली जातात. पुरलेल्या भांड्यावरची माती ओल्या कापसाने मऊ होऊन सुटते. सरसाने चिकटवलेली माती तशी सुटत नाही. हान काळातील शिशाच्या झिलईवर जमिनीतील ओलाव्यामुळे चंदेरी, किंचित इंद्रधनुषी थर चढतो आणि तो भिंगाखाली पापुद्र्यापापुद्र्याने दिसतो. एखाद्या वस्तूसमोर तासभर बसून हे सगळे न्याहाळण्यात जो आनंद आहे, तो मला इतर कोणत्याही संग्रहात क्वचितच मिळतो.

मुद्रांना जागा कमी लागते आणि त्यांतले काम अतिशय सूक्ष्म असते. अडचण आहे ती त्यांच्या इतिहासाची. सिंधू संस्कृतीच्या शंखजिऱ्याच्या (एका मऊ दगडाच्या), साधारण दोन-तीन सेंटिमीटरच्या चौकोनी मुद्रा उत्खननांतून संग्रहालयांत गेलेल्या आहेत, आणि बाजारात कोणी अशी मुद्रा देऊ केली तर ती नकली किंवा चोरीची समजून नकार द्यावा. मेसोपोटेमियातील, म्हणजे प्राचीन इराकमधील, ओल्या मातीवरून लाटून ठसा उमटवण्याच्या दंडगोल मुद्रा अधिक धोक्याच्या आहेत, कारण एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले तेव्हा चोरीला गेलेल्या वस्तूंत सुमारे ५००० मुद्रा होत्या. ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांनी बंदी घातलेली आहे, म्हणून त्यापूर्वीचा कागद नसेल तर पुढे जाऊ नये. शिवाय या मुद्रांचा दगड सहसा भाजलेला नसल्याने वर सांगितलेली वयाची तपासणी येथे चालत नाही आणि सारा भार डोळ्यावर पडतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन आधी भोक पाहावे: जुन्या कारागिराने दोन्ही बाजूंनी गिरमिट चालवलेले असेल तर भोक मध्यावर अरुंद होते आणि दोरा घासून त्याची कड गुळगुळीत झालेली असते, तर यंत्राने पाडलेले भोक आरपार एकसारखे दिसते.

साताऱ्याच्या माणसाला मुद्रांचीच ओढ असेल तर मराठेशाहीतील पितळी शिक्के आणि पत्रांवरील मोर्तब हा अभ्यासाचा अधिक जवळचा विषय आहे, जरी तो प्राचीन म्हणता येत नसला तरी. शिवरायांच्या राजमुद्रेच्या पितळी नकला शोभेसाठी सर्रास विकल्या जातात. त्या शोभेच्या म्हणूनच घ्याव्यात.

लहान मूर्तींबाबत मी सर्वाधिक सावध आहे. ओतीव कांस्यमूर्ती बहुधा पूजेसाठी घडलेली असते, त्यामुळे ती बाजारात आली कशी, हा प्रश्न टाळता येत नाही. तामिळनाडूतील श्रीपुरंतान येथील देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ५० लाख डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतला आणि २०१४ मध्ये त्यांना तो भारताला परत करावा लागला. चोरी सिद्ध होण्यास पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडील देवळातले जुने छायाचित्र उपयोगी पडले. मोठे कलादालन जेथे फसते तेथे घरगुती संग्राहकाने धीर धरावा. दक्षिणेतील चोळ राजांच्या काळातील अशा मूर्ती भरीव ओतलेल्या असल्याने त्यांच्या आत तपासण्याजोगा मातीचा गाभाही नसतो. आपल्या घरच्या देव्हाऱ्यातील पिढीजात टाक आणि धातूच्या मूर्ती मात्र अशा आहेत, की त्यांचा मालकीहक्क सगळ्या भाऊबंदांना ठाऊक असतो. त्या १०० वर्षांहून जुन्या असतील तर छायाचित्रांसह नोंदणी करून घ्यावी आणि वाटणीच्या वेळी मोडीत घालू नयेत. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने त्या घासल्यास जुना थर कायमचा जातो. पावसाळ्यात कांस्यावर फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली तर क्षारांनी धातू खाल्ला जात आहे असे समजावे, वस्तू कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि संवर्धन तज्ज्ञाला दाखवावी.

निवड करण्यापूर्वी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातील, ब्रह्मपुरीच्या उत्खननातून मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आणि औंधचे श्री भवानी संग्रहालय पाहून यावे. अस्सल वस्तू पाहिलेल्या डोळ्याला बाजारातील नक्कल लवकर खटकते. ज्यांच्याकडे कोरडी खोली आणि काचेचे कपाट आहे, त्यांनी कागदपत्रांसह एक-दोन भांड्यांपासून सुरुवात करावी, असा माझा सल्ला आहे. सांगलीत पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी मात्र ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवावा: कमी भाजलेले भांडे पाण्यात राहिले की त्यातले क्षार नंतर पृष्ठभागावर येऊन पापुद्रे सुटतात. तळमजल्यावर घर असेल तर हातपेटीत मावणारा मुद्रांचा लहान संग्रहच त्यांना अधिक सोयीचा पडेल, आणि खरेदीची पावती, जुनी छायाचित्रे व नोंदणीपत्र यांच्या प्रती त्यांनी दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडेही ठेवाव्यात.