कुबरनेटिसवर सेवा चालवताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले अनेक महिने आमच्या सगळ्या वेब-सेवा मुंबई रीजनमधील एका व्यवस्थापित (क्लाउड कंपनीने सांभाळलेल्या) कुबरनेटिस क्लस्टरवर चालत आहेत. कुबरनेटिस म्हणजे कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सर्व गोष्टींसह एकत्र बांधून ठेवलेल्या सेवा, अनेक मशिनच्या समूहावर (क्लस्टरवर) चालवणारी प्रणाली. त्याआधी त्या वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशिनवर होत्या आणि नवी आवृत्ती चढवायची तर रात्री उशिरा सेवा थोडा वेळ बंद ठेवावी लागे. आता तेच काम भर दुपारी, ग्राहक वापर करत असताना होते. मात्र ही सोय क्लस्टर घेतला म्हणून आपोआप मिळत नाही. आपली सेवा कधी तयार होते, ती कशी थांबते आणि तिला किती मेमरी लागते, हे जितक्या नेमकेपणाने लिहून द्यावे तितकेच चांगले काम कुबरनेटिस करते, असे माझे ठाम मत झाले आहे.

कोणती इमेज (सेवेचा बांधून तयार केलेला संच) आणि तिच्या किती प्रती हव्यात हे यामल फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या सेटिंग-फाइलमध्ये) लिहून दिले की प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी जुळती ठेवण्याचे काम कंट्रोलर हे कुबरनेटिसमधील प्रोग्राम अखंड करत राहतात. गुगलच्या बोर्ग या अंतर्गत प्रणालीचा अनुभव पाठीशी घेऊन २०१४ मध्ये हा प्रकल्प जाहीर झाला, आणि ती परिपक्वता रोलिंग अपडेटमध्ये, म्हणजे जुन्या प्रती टप्प्याटप्प्याने बदलण्यात, सर्वाधिक जाणवते. मूळ सेटिंगनुसार एका वेळी जास्तीत जास्त २५ टक्के पॉड (सेवेच्या चालत्या प्रती) अनुपलब्ध राहू शकतात आणि तेवढेच जादा पॉड उभे राहू शकतात. नवा पॉड रेडिनेस प्रोबला (सेवा तयार आहे का, या तपासणीला) होकार देईपर्यंत त्याच्याकडे ट्रॅफिक वळत नाही. त्यामुळे बिघडलेली आवृत्ती सुरूच झाली नाही, तर अपडेट मध्येच अडकते आणि उरलेले जुने पॉड ग्राहकांना सेवा देत राहतात. आवृत्ती सुरू झाली पण वागणूक चुकीची निघाली, तर रोलआउट अनडू ही एक आज्ञा पुरते. ज्याने हाताने जुनी आवृत्ती परत बसवलेली आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पॉड थांबतानाचा भाग मात्र बहुतेक मार्गदर्शिका दोन ओळींत उरकतात, आणि आम्हाला सर्वाधिक अभ्यास तिथेच करावा लागला. सुरुवातीला प्रत्येक अपडेटच्या वेळी मोजक्या विनंत्या ५०२ हा त्रुटी-क्रमांक देऊन तुटत असत. पॉड काढायचे ठरले की त्यातील चालू प्रोग्रामला सिगटर्म हा थांबण्याचा संकेत मिळतो, आणि त्याच सुमारास त्या पॉडचा पत्ता ट्रॅफिकच्या यादीतून काढण्याचे काम सुरू होते. ही दोन कामे एकमेकांची वाट पाहत नाहीत. म्हणून सेवा थांबू लागल्यावरही काही क्षण नव्या विनंत्या तिच्याकडे येत राहतात. प्रीस्टॉप हुकमध्ये (थांबण्याच्या संकेताआधी चालणाऱ्या पायरीत) काही सेकंदांची थांबणूक घातल्यावर हा त्रास जवळजवळ संपला. शिवाय डॉकरफाइलमधील (इमेज बनवण्याच्या सूचनांच्या फाइलमधील) कमांड शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत सुरू होत असेल, तर सिगटर्म शेलपाशीच अडू शकतो. मग मूळ सेवेला काहीच कळत नाही आणि ३० सेकंदांची मुदत संपताच ती सक्तीने मारली जाते. चालू व्यवहार पुरे करून मगच थांबणाऱ्या सेवेसाठी ही मुदत विचारपूर्वक वाढवून घ्यावी.

मेमरीची मर्यादा ओलांडणारा कंटेनर १३७ हा एक्झिट कोड (बंद होतानाचा क्रमांक) देऊन बंद होतो, तर सीपीयूची मर्यादा ओलांडली असता तो फक्त मंदावतो. हा दुसरा प्रकार शोधायला अधिक कठीण असतो, कारण लॉगमध्ये काहीच दिसत नाही आणि प्रतिसादाचा वेळ तेवढा वाढत जातो. आम्ही आता सर्व सेवांना सीपीयूची रिक्वेस्ट (किमान राखीव वाटा) देतो, मर्यादा मात्र क्वचितच घालतो. याबाबत जाणकारांमध्ये मतभेद आहेत, पण आमच्या सेवांपुरता हा निर्णय योग्य ठरला आहे.

पासवर्डसारखी गुपिते ठेवण्याच्या सीक्रेट या सोयीविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. त्यातील मजकूर बेस६४ स्वरूपात असतो; ते फक्त वेगळ्या अक्षरांतले रूप आहे, कोणालाही ते उलटवून वाचता येते; कूटबद्धता नव्हे. म्हणून पासवर्ड असलेल्या यामल फाइली गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) कदापि ठेवू नयेत.

देखभालीचा भार खरा आहे. कुबरनेटिसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिनेच पाठबळ मिळते, त्यामुळे क्लस्टर अद्ययावत ठेवणे हे कायमचे काम होऊन बसते. जुन्या एपीआय (क्लस्टरला सूचना देण्याच्या ठरलेल्या पद्धती) काढूनही टाकल्या जातात, १.२२ या आवृत्तीत बाहेरचे ट्रॅफिक आत वळवणाऱ्या इन्ग्रेसच्या बीटा एपीआय अशाच गेल्या. एकच छोटी सेवा चालवणाऱ्या संघाने हा भार घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे सेवा अनेक आणि त्यांचे अपडेट वारंवार असल्याने तो सोसण्यासारखा वाटतो. डेटाबेस मात्र आम्ही क्लस्टरबाहेर, व्यवस्थापित सेवेवरच ठेवला आहे. पॉड कधीही हलवता येतो, ही येथील सर्वांत मोठी सोय आहे, आणि डेटाबेसच्या बाबतीत आम्हाला नेमके तेच नको आहे.